पहिली टाळी

लुब्लिन, ९ नोव्हेंबर १९९१

लाडके बोग्ना,

खुशाल आहेस ना? इथे थंडीने आतापासूनच ठाण मांडलंय. थिएटरचा बॉयलर माझ्याहून जास्त कुरकुरतो, त्यामुळे तालमीत सगळे ओव्हरकोट घालूनच प्रेमात पडतात. विटोल्डला म्हणावं, बायकोचं ऐक आणि मुकाट्याने पथ्य पाळ.

तू पुन्हा रंगमंचावर यायला होकार दिलास आणि मी फोन ठेवून ढसाढसा रडले. आपली कपडेपटवाली माल्विना म्हणाली, "आवरा बाई! दिग्दर्शिकाच रडायला लागली तर नट डोक्यावर बसतील." म्हटलं, "नऊ वर्षांनी येतेय ती. बसू दे."

पण गुरुवारी तू करारावर सही करशील, त्याआधी एक गोष्ट सांगायलाच हवी. दोन पत्रं लिहून फाडली.

ब्याऐंशीचा फेब्रुवारी. लष्करी राजवटीत सरकारी टीव्हीवर पाऊल ठेवायचं नाही, असं आपण नटमंडळींनी ठरवलं होतं. तू गेलीस, त्यांनी दिलेलं निवेदन वाचलंस. ते वाचलंस तर विटोल्डला तुरुंगातून सोडतो म्हणाले होते. पुढच्याच प्रयोगात तू तोंड उघडलंस आणि टाळ्या सुरू झाल्या. थांबल्या, तू वाक्य धरलंस, की पुन्हा टाळ्या. एक शब्द बोलू दिला नाही तुला. अकराव्या मिनिटाला तू वाकून अभिवादन केलंस आणि निघून गेलीस. ती गेलीसच.

रंगपटात मी तुला चहा पाजला, पाठीवरून हात फिरवला. तू म्हणालीस, "लुद्का, प्रेक्षकांचा काय दोष? त्यांना विटोल्डचं कुठं ठाऊक?"

मला ठाऊक होतं. आदल्या दिवशी तूच सांगितलं होतंस. आणि बाल्कनीतली ती पहिली टाळी माझी होती, बोग्ना.

युद्धानंतर आपल्या सालोमेआबाईंनी दारोदार खुर्च्या मागून हे थिएटर उभं केलं, माझ्या हाती सोपवलं. लोक त्याला सरकारचं मिंधं म्हणतील म्हणून माझी गाळण उडाली होती. एकदाच वाजवणार होते. मग सगळं सभागृह पेटलं. मी मध्ये उभी राहून "पुरे!" म्हणू शकले असते. नाही म्हटलं. भेकड होते गं मी.

काल तुझ्या भूमिकेची वही माझ्या हातून पडली. पडलेली वही उचलण्याआधी तिच्यावर पाय द्यायचा, नाहीतर नाटक पडतं, हे काय तुला सांगायचं? तू तर दोन्ही पायांनी नाचायचीस! पण माझा पाय उचलेना. माल्विना ओरडली, "द्या की पाय, बघत काय बसलात?" मी म्हटलं, "ज्याची वही, त्यानेच द्यायचा."

वही अजून रंगमंचाच्या मधोमध पडलीय. सगळे तिला वळसा घालून तालीम करतात आणि मला शिव्या घालतात. हे वाचूनही गुरुवारी आलीस, तर पाय तू दे. नाही आलीस, तर मी ती उचलणार नाही. हे नाटक दुसऱ्या कुणाबरोबर करायचं नाही मला.

तुझी म्हणवून घ्यायला न धजणारी,
लुद्विका