इंदूरच्या तीन खोल्या

आण्णा, तुम्ही बैल घ्यायचात तसं मी घर घेतलं. तेही इंदुरात, आपलं राज्य ओलांडून. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही गोष्ट आधी तुम्हालाच सांगावीशी वाटते.

घोडेगावच्या बाजारात तुम्ही उभे आहात, मी तुमच्या धोतराला धरून. बैल देखणा आहे, मालक घाई करतोय, आणि तुम्ही शांतपणे म्हणताय, "आजची रात माझ्या दावनीला राहू दे. पानी कसं पितो, सकाळी उठतो कसा, ते बघून बोलू." लोक हसायचे. एकजण म्हणाला होता, "पाटील, सून बी अशीच आननार का?" तुम्हीही हसलात, पण बैल एक रात्र आणलातच. आणि सौदा झाल्यावर जुन्या मालकाचं दावं त्याला परत करून आपलं नवं बांधायचात. त्याचं त्याला, आपलं आपल्याला.

आमचे हे गेल्यावर त्यांच्या इंदूरच्या गिरणीकडून जे पैसे आले, ते घेऊन मी सोनईला परत आले. धाकट्या भावाने मला प्रेमाने ठेवलं, खोटं कशाला बोलू. पण दुष्काळात विहीर आटली तेव्हा त्याला ते पैसे खोदाईला हवे होते. मी म्हटलं, इंदुरात खोल्या घेते, भाडं येईल, मी कुणावर ओझं होणार नाही. तो चिडला नाही, घाबरला. "आक्का, एवढ्या लांब कोन बघनार? भाडेकरू एकदा बसला की उठत न्हाई. माझ्या घरात तुला काय कमी हाय?" कमी काहीच नव्हतं. पण पैसे पाण्याच्या भरवशावर खडकात घातले आणि पाणी लागलं नाही, तर उरलेला जन्म मला भावजयीच्या तोंडाकडे बघत काढावा लागला असता. मी म्हटलं, "बसून बघते, मग घेते." त्याला कळलं नाही. तुम्हाला कळलं असतं.

इंदुरात मी मालकाला सांगितलं, आधी चार दिवस भाड्याने राहीन, मग बोलू. तो म्हणाला, "बाई, घर काय पळून जातंय?" मी म्हटलं, घर नाही, पैसे पळतात. राहिले. वरच्या खोलीत सकाळी नळाचं पाणी चढत नाही हे तेव्हा समजलं. दुपारी घर दाखवताना त्याने ते सांगितलं नव्हतं. ते किमतीत वळतं करून घेतलं. शेजारच्या बायकांशी धुणं धुताना बोलले. कोण भांडतं, कोणाचा पगार घरी पोचतो, सगळं कळलं. खरेदीखत हिंदीत होतं. वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर वाचायला शिकलेली मी, एकेक ओळ बोटाने वाचली. अडलेला शब्द विचारला, मगच सही केली. मालक किल्लीसह कुलूप द्यायला लागला, तेव्हा मी सोनईहून नेलेलं कुलूप काढलं आणि त्याचं त्याला परत दिलं. 

यांच्या गिरणीतल्या जुन्या सोबत्याची बायको वरच्या खोलीत कमी भाड्याने राहते. ती खालच्या दोन बिऱ्हाडांचं भाडं पगाराच्या दिवशी घेते आणि मनिऑर्डर करते. भाडेकरूही तिनेच ओळखीतले बघून दिले. पोस्टमन आला की धाकटा हातातलं काम टाकून बाहेर येतो. परवा हळूच म्हणाला, "आक्का, अजून एखादी खोली मिळंल का गं तिकडं?"

सगळ्यांना मी सांगते की आण्णांच्या रीतीने घर पारखलं. तुम्हाला मात्र खरं सांगते. पहिल्याच पहाटे तिथे गिरणीचा भोंगा ऐकू आला. त्याच भोंग्याला हे उठायचे आणि अंधारात चप्पल शोधायचे. मी अंथरुणातच म्हटलं, हे घर माझं. पुढचे दिवस मी फक्त कारणं गोळा करत होते. ती चांगली निघाली, हे नशीब. आता वाटतं, तुम्हालाही बैल बाजारातच पसंत पडलेला असायचा का, आण्णा? हा कागद टाकायला कुठली पेटी नाही. किल्लीबरोबर डब्यात ठेवते.