दोन बोटं जागा सोडून

तीर्थरूप भाऊजी,

धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. (वाकून हा शब्द केवळ रीत म्हणून लिहिलेला नाही. परवा टेबलाखाली पडलेलं पेनाचं टोपण उचलताना कंबरेत उसण भरली ती अजून गेलेली नाही. तेव्हा तुमच्यासमोर ज्या अवस्थेत असावं, त्याच अवस्थेत हे लिहितो आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? गुडघा बरा आहे पण मिक्सर बरा नाही, असं ताईकडून कळलं. तुम्ही तो उघडून पाहिलात असंही कळलं. त्याआधी तो चालत होता असंही कळलं, पण दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय मी मत बनवणार नाही.

फोन करायचा सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. कारण असं की, फोनवर मी "भाऊजी" एवढं म्हटलं की पुढचं सगळं तुम्हीच बोलता, आणि शेवटी "बरं झालं फोन केलास, मन मोकळं झालं तुझं," हेही माझ्या वतीने तुम्हीच म्हणता. शिवाय प्रकरण गंभीर आहे. माझ्या नोकरीतल्या जागेचा निकाल येत्या शनिवारी लागायचा आहे आणि त्यात तुमचा थोडासा संबंध येतो. तो शेवटी सांगतो. मधलं गाळून शेवट वाचू नये ही नम्र विनंती. (वाचलात तर मला कळणार नाही, पण वर बघणारा आहे.)

आमची कंपनी काय करते हे तुम्ही दर भेटीत विचारता आणि माझं उत्तर पुरं व्हायच्या आत "म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्ती" असं ठरवून मोकळे होता. दुरुस्ती नव्हे. आम्ही वजनकाट्यांसाठी प्रोग्रॅम बनवतो. मालाचा ट्रक काट्यावर चढला की वजन पडद्यावर उमटतं आणि पावती छापून बाहेर येते. जेव्हा उमटत नाही तेव्हा काट्यावरचा माणूस आमच्याकडे फोन करतो, आणि ते फोन नऊ वर्षं मी घेतले. खोळंबलेल्या ट्रकांचे भोंगे, ड्रायव्हरांचे उद्गार आणि काटेवाल्याचा संताप माझ्या उजव्या कानातून आत गेला आणि बराचसा तिथेच राहिला. अजूनही खोलीत शांतता असली की त्या कानात कुणीतरी रागावलेलं असतं. मग यंदा आमच्या साहेबीणबाईंनी (वय तिशीचं; आवाज न चढवता सगळ्यांना रांगेत उभं करतात, म्हणून ऑफिसात त्यांना कप्तान म्हणतात) मला फोनवरून उठवून खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं आणि प्रोग्रॅमचं मॅन्युअल लिहायला सांगितलं. जमलं तर टेबल माझं, नाही जमलं तर पुन्हा फोन. भाऊजी, त्या संध्याकाळी मी देवापुढे बराच वेळ बसलो. खिडकीबाहेर एक झाड आहे. ते काही विचारत नाही.

मॅन्युअल म्हणजे खोक्यात वस्तू हलू नये म्हणून घातलेला कागद, असं तुमचं मत आहे हे मी जाणून आहे. पण तो कागद कुणीतरी लिहितं, आणि आमच्याकडे तो लिहायची रीत निराळी आहे. अक्षर ठळक करायचं तर पूर्वी बटण दाबायचे. आता सगळा मजकूर साधा लिहायचा आणि त्यातच खुणा पेरायच्या. शब्दाच्या दोन्ही अंगांना दोन-दोन तारे काढले की तो शब्द ठळक. ओळीआधी हॅश काढला, तोच तो दोन उभ्या दोन आडव्या रेघांचा, की ती ओळ मथळा. मग कॉम्प्युटर त्यावरून हात फिरवतो, खुणा नाहीशा होतात आणि छापील पान तयार होतं. ह्याला मार्कडाउन म्हणतात. मला ते मौनीबुवांनी शिकवलं. मौनीबुवा म्हणजे आमचा प्रोग्रॅम लिहिणारे गृहस्थ. माझ्या शेजारी बसतात, कोपर कोपराला लागतं, पण काही सांगायचं असलं तर पडद्यावर संदेश पाठवतात. त्यांनी खुणांचा एक कागद माझ्या टेबलावर ठेवला, बोटाने दोनदा टकटक केलं आणि शिकवणी संपली.

खरं सांगतो, ही रीत माझ्या मनाला फार लागली. तारा शब्दाला वजन देतो आणि स्वतः दिसेनासा होतो. छापलेलं पान वाचणाऱ्याला तो होता हेही कळत नाही. कुणासाठी काही करावं तर असं करावं, असा विचार मनात येऊन मी थोडा वेळ झाडाकडे बघत राहिलो. (तुम्ही आमच्या जिन्यातला बल्ब बदललात त्याला बरीच वर्षं झाली. परवाच्या फोनमध्येही त्याचा विषय निघाला होता, काढणारे आपणच होतात.) आता तर सवयच लागली आहे. वाण्याच्या चिठ्ठीवरसुद्धा मी साबण ह्या शब्दाच्या दोन्ही अंगांना दोन-दोन तारे काढले, तर वाण्याने चार साबण दिले. ह्या पत्रातही कुठे तारे दिसले तर कृपया दुर्लक्ष करावं.

पहिला घोटाळा हॅशचा. एक हॅश काढला की मथळा, दोन काढले तरी मथळा, सहापर्यंत मुभा. आता तुम्हीच सांगा, आपल्या लहानपणापासून नावामागे एक श्री असलेला माणूस मोठा का पाच श्री असलेला? मी माझ्या हिशोबाने 'विजेचा धोका' ह्या मथळ्याला सहाच्या सहा हॅश वाहिले आणि 'झाकणाचा रंग' ह्या किरकोळ गोष्टीला एकावर भागवलं. पान तयार झालं तेव्हा 'झाकणाचा रंग' दुकानाच्या पाटीएवढा आणि 'विजेचा धोका' मुंगीने लिहावा तसा. ह्या शास्त्रात जितके हॅश जास्त तितका मान कमी! कप्तानांनी ते पान लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं, आणि एवढंच विचारलं, "आपल्याला धोका लपवायचा आहे का?"

तो घोटाळा ऑफिसातच मिटला. दुसरा बाहेर गेला.

आमच्या शाळेत गुरुजींचा एक नियम होता: नवा परिच्छेद दोन बोटं जागा सोडून सुरू करायचा. बोटं वहीवर ठेवून दाखवायची, मग पहिलं अक्षर काढायचं. ज्याची ओळ समासाला चिकटली त्याच्या बोटांवर पट्टी. ती जागा माझ्या हातात अशी मुरली आहे की कीबोर्डवरही परिच्छेद सुरू करताना अंगठा आपोआप पाच वेळा स्पेस दाबतो. आणि मार्कडाउनमध्ये, भाऊजी, ओळीच्या सुरुवातीला चार स्पेस पडले की कॉम्प्युटर समजतो की हा माणसाने वाचायचा मजकूर नव्हे, ही यंत्राला द्यायची आज्ञा आहे. तो तिला राखाडी चौकटीत, टाइपरायटरच्या अक्षरात बसवतो. माझा प्रत्येक परिच्छेद चौकटीत गेला. मी ते पाहिलं होतं, नाही असं नाही. मला वाटलं नव्या रीतीत परिच्छेदाला आसन देत असतील. मौनीबुवांनीही पाहिलं होतं. त्यांना वाटलं माझी आवड असेल. कप्तान दौऱ्यावर होत्या. मॅन्युअल छापलं आणि एका नव्या गिऱ्हाइकाकडे गेलं.

आता पहिल्या पानावर मीच लिहिलं होतं की, राखाडी चौकटीत जे असेल ते काळ्या पडद्यावर जसंच्या तसं टाइप करावं, एक अक्षरही बदलू नये. (हे वाक्यसुद्धा राखाडी चौकटीतच होतं.) सकाळी फोन वाजला. फोनवाली मुलगी रजेवर म्हणून मीच उचलला. पलीकडे त्या गिऱ्हाइकाचे काटेवाले, आवाज अगदी अदबीचा, मागे भोंगे.

"साहेब, लिहिलं."

"काय लिहिलं?"

"तुम्ही सांगितलं ते. 'घाई करू नये, मन शांत ठेवावं.' एंटर पण मारलं."

"मग?"

"मशीन म्हणतंय, अशी आज्ञा मला ठाऊक नाही."

मी विचारलं की आणखी काय काय लिहिलंत. त्यांनी सगळं लिहिलं होतं, एका बोटाने, पहाटेपासून. प्रस्तावना लिहिली होती. 'आमच्या उत्पादनाची निवड केल्याबद्दल आभारी आहोत' हे लिहिलं होतं, आणि मशीनने आभारही नाकारले होते.

"पुढचं टाकू का? 'एवढं करूनही न जमल्यास थोडं पाणी प्यावं आणि पुन्हा प्रयत्न करावा.' प्यायचं आधी का टाइप करायचं आधी?"

मागून एक ड्रायव्हर ओरडला, "अरे, ते मशीन फेक आणि हाताने लिही!" काटेवाले त्याला म्हणाले, "गप रे, पुस्तकात मन शांत ठेवायला सांगितलंय."

मी त्यांना हसलो नाही. माणसाने पुस्तकावर विश्वास ठेवला होता आणि पुस्तक माझं होतं. मी त्यांना एकेक आज्ञा फोनवर सांगितली, दुपारपर्यंत काटा चालू झाला, आणि ते वर मलाच म्हणाले, "पुस्तक मात्र छान लिहिलंय, वाचून बरं वाटलं." पण फोन ठेवल्यावर मी मॅन्युअल उघडून शेवटपर्यंत पाहिलं आणि घाम फुटला. ह्या राखाडी चौकटीत ओळ मोडत नाही. ती कागदाच्या उजव्या कडेपर्यंत जाते आणि उरलेली ओळ कापली जाते. एका पानावर ठसठशीत छापलं होतं: 'मेन स्विच बंद केल्याशिवाय मागची वायर काढावी'. मी 'काढावी असे कधीही समजू नये' लिहिलं होतं. 'असे कधीही समजू नये' कागदाबाहेर गेलं होतं. काटेवाले त्या पानापर्यंत पोचले नव्हते ही देवाची कृपा. तेव्हापासून मी धोक्याचं वाक्य लिहिताना नकार आधी लिहितो आणि मनातल्या मनात हात जोडतो.

कप्तान परत आल्या तेव्हा मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. मग मी बसून सगळ्या मॅन्युअलमधल्या दोन-दोन बोटं जागा पुसल्या. प्रत्येक ओळ समासाला चिकटवताना माझी स्वतःची बोटं आखडत होती. शेवटची जागा पुसून मी मान वर केली तर मौनीबुवा माझ्याकडे बघत होते, आणि आमच्या ओळखीत प्रथमच ते तोंडाने बोलले. म्हणाले, "हे सगळं एका आज्ञेत झालं असतं." पुन्हा अजून बोललेले नाहीत.

आता शनिवारचं. कप्तानांनी ठरवलं आहे की मॅन्युअल खरोखर उपयोगी आहे की नाही हे बाहेरच्या माणसाकडून तपासायचं. आमचा प्रोग्रॅम कधी न पाहिलेला, वयस्क, घरातला साधा माणूस. त्याच्यापुढे एक लॅपटॉप, टेबलावरचा छोटा काटा आणि माझं मॅन्युअल. कुणाला काही न विचारता त्याने काटा जोडायचा, एखादी वस्तू तोलायची, पावती काढायची. कप्तान शेजारी नुसत्या बसून बघणार. पावती निघाली तर टेबल कायमचं माझं. नाही निघाली तर सोमवारपासून मी पुन्हा फोनवर. असा माणूस कोण, असं त्यांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून पहिलं नाव तुमचंच निघालं, भाऊजी. यंत्र समोर दिसलं की तुमच्या चेहऱ्यावर जो आनंद येतो तो मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही.

ताईला नमस्कार. गुडघ्याला शेक द्यावा. उत्तर लिहायची तसदी घेऊ नये, तुमचा फोन येईलच.

आपला आज्ञाधारक,
धाकटा मेहुणा

ता. क. – तुमचं नाव ऐकून कप्तानांनी विचारलं, "ते मॅन्युअल वाचतील ना?" मला खोटं बोलता येत नाही, आणि खरं बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून मी झाडाकडे बघितलं. मग मी सांगितलं की ताई साबणाच्या वेष्टनावरचा मजकूरसुद्धा उलटसुलट वाचते. त्यांनी ताईचं नाव लिहून घेतलं. त्या शनिवारी सकाळी तुमच्याकडे पोचतील. ताई तयार आहे.

दु. ता. क. – खरी विनंती ही, आणि ह्याचसाठी एवढं लांबण लावलं: शनिवारी सकाळी आपण घरी नसावं. ताई पहिलं पान वाचत असताना आपण "हो बाजूला, मी दाखवतो" म्हणालात आणि वायर हातात घेतलीत तर तपासणी रद्द होईल आणि माझा कानही जाईल. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्यांशी मी बोललो आहे. त्यांचा पंखा शनिवारी आवाज करणार आहे. तुम्ही पोचायच्या आत तो सुरू करायचं त्यांनी कबूल केलं आहे.

तिसरा ता. क. – पाकीट चिकटवणार तोच कप्तान आल्या. पंख्याचा बेत माझ्याच तोंडून निसटला. त्या खूप हसल्या, आणि मग म्हणाल्या, "अहो, प्रत्येक काट्यावर एक भाऊजी असतोच. तो शेजारी असताना जे मॅन्युअल चालतं तेच खरं." तेव्हा सलून रद्द. आपण घरीच असायचं आहे, ताईच्या शेजारच्याच खुर्चीत, आणि जसे आहात तसेच वागायचं आहे. हा कप्तानांचा हुकूम आहे. फक्त एक सांगून ठेवतो. तुम्ही हात पुढे केलात की ताई जे काही म्हणेल ते कप्तान शब्दशः उतरवून घेणार आहेत, आणि 'शेजारचा माणूस मध्ये आल्यास काय म्हणावे' ह्या मथळ्याखाली मी ते मॅन्युअलमध्ये छापणार आहे. आमची मॅन्युअलं काट्याकाट्यावर जातात आणि वर्षानुवर्षं भिंतीला टांगलेली असतात. तेव्हा शनिवारी हात कुठे ठेवायचे, ते आपलं आपणच ठरवावं.