अर्जदाराच्या हातून देव झालेल्या झाडाबाबत

प्रति,
मा. वृक्ष अधिकारी साहेब,
उद्यान विभाग, पालिका कार्यालय,
दुसरा मजला, जिन्याशेजारची खोली.

विषय : बहिणीच्या खोलीवर कललेले पोकळ झाड ताबडतोब उतरवण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे याआधीचे चार अर्ज. २) आपले एकमेव उत्तर, दि. ३ मार्च.

महोदय,

सविनय कळवण्यात येते की, अर्जदार आपल्याच खात्यात एकतीस वर्षे झाडछाटणी कामगार होता. हा त्याचा पाचवा अर्ज आहे. आधीच्या चार अर्जांत त्याने रागावर ताबा ठेवला होता, त्याचा काही उपयोग झाला नाही.

१. तोडायच्या झाडाला छातीच्या उंचीवर लाल पट्टी बांधायची, ही खात्याची पद्धत आपणास ठाऊक असेलच. सहा वर्षांपूर्वी, निवृत्तीला चार दिवस उरले असताना, अर्जदाराने सदर झाड लाकडी हातोडीने ठोकून पाहिले. आवाज रिकाम्या पिंपासारखा आला. भांडारातल्या पट्ट्या संपल्या होत्या. अर्जदाराची थोरली बहीण झाडाखालच्याच खोलीत शिवणकाम करायची. तिच्याकडून लाल साटीनची, सोनेरी काठाची एक चिंधी घेऊन अर्जदाराने ती खोडाला बांधली. खात्याची मळकी पट्टी असती तर कोणी ढुंकूनही पाहिले नसते. सोनेरी काठ पाहून लोकांना वाटले, कोणीतरी नवस बोललाय. आठवड्यात अकरा पट्ट्या झाल्या, महिन्यात खोड दिसेनासे झाले. अर्जदार पट्टी सोडायला गेला तेव्हा एका म्हाताऱ्या बाईने त्याच्यावर काठी उगारली. ही चूक अर्जदाराची आहे आणि ती तो कोणावर ढकलत नाही.

२. डोळे मिटून दोन मिनिटे उभे राहणाऱ्या माणसांविरुद्ध अर्जदाराची तक्रार नाही. देव भावाचा भुकेला असतो. पण मग झाडाची देवस्थान समिती आली, आणि तिची भूक वेगळी निघाली. समितीचे अध्यक्ष पूर्वी प्लास्टिकच्या खुर्च्या भाड्याने द्यायचे. त्यांनी झाडाभोवती कुंपण घातले आणि साधी, जलद व अतिजलद अशा तीन रांगा केल्या. कापडी पट्टी बंद करून स्वतःची नायलॉनची पट्टी सक्तीची केली. ती कुजत नाही, तुटत नाही, फांदीला फास बसतो. मुळांवर खोडापर्यंत फरशी बसवली. दिव्यांसाठी खोडात बोटभर लांबीचे खिळे ठोकले. कार्यालयाचा पाया आड येतो म्हणून मांडीएवढे मूळ करवतीने कापले, आणि त्याच कार्यालयावर 'वृक्ष हाच देव' अशी पाटी लावली! जनरेटरच्या धुराने पाखरे गेली, समोरच्या घरांतली मुले खोकून बेजार आहेत. पट्ट्या व बाटल्यांनी गटार तुंबते आणि ते पाणी लोकांच्या स्वयंपाकघरात शिरते. बोलायला गेले की नास्तिक ठरवतात. सगळी गल्ली तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाते आहे.

३. बहीण गेल्या वर्षी पडली, तिचे खुब्याचे हाड मोडले. तेव्हापासून ती खिडकीशी पलंगावरच असते. अतिजलद रांगेचे लोखंडी कठडे तिच्या दाराला लागून जातात. स्ट्रेचर आत येईना, म्हणून तिला खिडकीतून गाठोड्यासारखे बाहेर काढावे लागले व दवाखान्यातून खिडकीतूनच परत आणावे लागले. फेब्रुवारीत वारा सुटला आणि एक फांदी पत्रा फोडून तिच्या शिलाई मशीनवर कोसळली. पलंग तिथून दोन हातांवर आहे. समितीची माणसे दहा मिनिटांत हजर झाली. म्हणाली, "ताई, झाडानं वाचवलं तुम्हाला!" बहीण म्हणाली, "अरे मेल्यांनो, झाडच तर पडलं अंगावर!" तिला पाणीसुद्धा न विचारता त्यांनी फांदी उचलून नेली आणि बोटाएवढे तुकडे करून डब्यांतून विकली. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणारे ऐकून माहीत होते. यांना बाई मरेपर्यंतही दम नव्हता. वर अध्यक्षांनी तिला काम देऊ केले, की तिने खिडकीत बसून 'पहिली भक्त' म्हणून लोकांच्या डोक्यावर हात ठेवावा. तिने दिलेले उत्तर या अर्जात लिहिण्याजोगे नाही.

४. आता आपल्या उत्तराविषयी. आपण कळवता की सदर झाड अर्जदाराच्या निवृत्तीच्या दिवशीच 'तोडून विल्हेवाट लावली' अशी नोंद असून, अस्तित्वात नसलेले झाड तोडण्याची परवानगी देता येत नाही. त्याच कागदाच्या जोरावर आपल्या कार्यालयाने समितीला ती 'मोकळी जागा' वापरायला दिली आहे. आपल्या कारकुनाने अर्जदाराला सांगितले, "काका, झाड असल्याचा दाखला आणा." दाखला कोण देणार, असे विचारता म्हणाला, "आम्हीच. पण नोंदीत झाड असेल तरच." साहेब, ते झाड आपल्या खिडकीतून दिसते. खुर्ची जरा वळवा.

५. खोड एका वर्षात वीतभर कलले आहे. मागच्या बाजूची फरशी उचलली गेली असून फटीत हात जातो. बुंध्याला ताटाएवढी अळंबी आली आहे. हे झाड पुढचा वारा काढणार नाही, हे अर्जदार एकतीस वर्षांच्या अनुभवावर लिहून देतो. ते पडणार ते बहिणीच्या बाजूलाच. बहीण म्हणते, "चुकलेली शिवण उसवायची असते, बाबा. तिच्यावर कशिदा काढत नाहीत." तिला दुसरीकडे हलवायचे म्हटले तर ती ऐकत नाही. आपण निघालो की त्या खोलीत समितीचे दुकान होईल, हे ती जाणून आहे.

६. सबब, अर्जदार आता परवानगी मागत नाही. येत्या बुधवारी सकाळी सात वाजता तो स्वतःच्या करवतीने झाड शेंड्याकडून उतरवायला सुरुवात करील. गुन्हा नोंदवायचा झाल्यास, सहा वर्षांपूर्वी तोडलेले झाड पुन्हा तोडल्याचे कलम आपण शोधून ठेवावे. समितीचे लोक मारायला येतील, त्याचीही अर्जदाराला कल्पना आहे.

मागणी एकच आहे. फांद्या बहिणीच्या छपरावर न पडता अलगद खाली याव्यात म्हणून खालून दोर धरायला एक माणूस लागतो. अर्जदाराने जुन्या सोबत्यांना विचारले, गल्लीत विचारले, सख्ख्या जावयाला विचारले. देवाचे निमित्त सांगून सगळ्यांनी मान फिरवली, पण भीती समितीचीच आहे. अर्जदार पासष्ट वर्षांचा आहे. वर चढून करवत चालवेल, पण त्याच वेळी खाली उभे राहून दोर धरणे त्याला जमणार नाही. तरी बुधवारी एक माणूस पाठवावा. माणूस नसेल तर साहेब, आपण स्वतः या.

वाट पाहणारा,
अर्जदार
(निवृत्त झाडछाटणी कामगार, उद्यान विभाग)
दि. १२ मे