यादीतली तिसरी ओळ

सोमवार, ३ तारीख

आज फर्निचरच्या कारखान्याच्या ऑफिसात रुजू झाले. पदवी बाविसाव्या वर्षी, पहिलं टेबल अठ्ठावन्नाव्या. उशीर झाला, पण टेबल चांगलं आहे. काचेतून थेट कटिंगची खोली दिसते. तिथली मोठी करवत माझी धाकटी बहीण चालवते. मालकांकडे शब्द तिनेच टाकला. सगळ्यांसमोर म्हणाली, आमची ताई आली, आता भुसासुद्धा रांगेत पडेल. सुतारकाका पोट धरून हसले. मी हसू दाबलं.

कॉम्प्युटर एक, सिस्टिम दोन. 'नवी' पत्रांसाठी, 'जुनी' करवतीसाठी. करवतीचा प्रोग्रॅम नवीवर चालत नाही. सुरू करताना काळ्या पडद्यावर नावांची यादी येते, त्यातलं एक निवडायचं. नावं दोन हवीत, दिसतात तीन: जुनी, नवी, पुन्हा जुनी. आधीच्या कारकूनबाई कागद चिकटवून गेल्यात, 'फक्त वरची जुनी उघडा.' कारण दिलेलं नाही. कारण न देता सूचना करणाऱ्यांचा मला राग येतो.

मंगळवार, ४ तारीख

सकाळी मुद्दाम तिसरी ओळ उघडली. तेच चित्र, तोच प्रोग्रॅम. कटिंगच्या पानावर मात्र एकच नोंद होती: नऊ सेंटिमीटर, अकरा वाजून दहा, काका. धाकटीला विचारलं. ती म्हणाली, एवढी जाड फळी आपल्याकडे येतच नाही, कुणीतरी गंमत केली असेल.

अकरा वाजता तिने करवत बंद केली. तिला बटण दाबताना मी पाहिलं. अकरा वाजून दहाला काका भुसा झाडायला वाकले आणि पातं आपोआप वर आलं. डावा हात कोपराखाली तुटला. रक्त छतापर्यंत उडालं. हाड कापलं जाताना ओल्या लाकडासारखा आवाज येतो. हे मला कळायची गरज नव्हती. मी रुमालाने दंड आवळून बांधला. गाडी काकांना घेऊन निघायच्या आत पडलेला हात कागदात गुंडाळून दिला. त्याआधी कापलेल्या जागी मोजपट्टीने मोजला.

नऊ.

बुधवार, ५ तारीख

काका जगतील. मालकांनी करवत तपासून घेतली, दोष सापडला नाही. मी कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. नोंदीबद्दल बोलले नाही, वेड लागलंय म्हणाला असता. दुहेरी नावाबद्दल विचारलं. तो म्हणाला, सिस्टिम पुन्हा टाकली की असं जुनं नाव मागे राहतं, काढणं दोन मिनिटांचं काम. फक्त एक सांभाळा: दोन्ही उघडून कुणाचा क्रमांक कोणता ते लिहून घ्या आणि क्रमांक बघूनच काढा. यादीतल्या जागेवरून ठरवू नका, यादी वरखाली होते. वर विचारलं, बाई, जमेल ना? मी सांगितलं, मी पदवी घेतली तेव्हा तुम्ही रांगत होतात.

तिसरी ओळ काढून टाकली. काल खाली होती ती आजही खालीच असणार. त्याला क्रमांक कशाला?

गुरुवार, ६ तारीख

सकाळी दोनच नावं. मालकांनी शाबासकी दिली.

मग दुपारी जुनी उघडली. पानावर एकच नोंद. बारा सेंटिमीटर, दोन वाजून पाच, मालक.

यादी वरखाली झाली होती. मी चांगली काढली. ती ठेवली.

मालकांना धावत जाऊन सांगितलं. ते म्हणाले, ताई, तुमच्या शिस्तीला करवतसुद्धा घाबरली. मला पटावं म्हणून त्यांनी तिची वायर भिंतीतून उपसली आणि हातात धरून दाखवली. दोन वाजून पाच मिनिटांनी पातं निखळून वर आलं. डोकं भुशात पडलं. तोंडावर हसू तसंच होतं. धड वायर धरून उभं राहिलं, मी चार मोजेपर्यंत.

शुक्रवार, ७ तारीख

१०.०२ — पोलिसांनी धाकटीला यंत्र कसं चालतं ते दाखवायला बोलावलंय. ती करवतीपाशी आहे. मी जुनी उघडली.

अकरा सेंटिमीटर, दहा वाजून वीस, धाकटी.

१०.०८ — काचेवर मुठी आपटल्या. ती म्हणाली, ताई, पुरे आता. पोलीस म्हणाले, बाईंना पाणी द्या, आणि कटिंगच्या खोलीचं दार लावून घेतलं. कॉम्प्युटरची वायर काढली. पडदा विझत नाही.

१०.१३ — नोंद पुसता येत नाही, रिकामी ओळ प्रोग्रॅम घेत नाही. पण नाव बदलता येतं. तिथे दोन पोलीस आहेत. त्यांची नावं मला ठाऊक नाहीत, हे बरंच आहे.

१०.१६ — नाव घातलं. ताई. माप पाच, माझ्या डाव्या मनगटाचं. लिहायला उजवा लागतो. त्याने घेतलं.

१०.१८ — पाचाचे अकरा झाले. आपोआप. गळ्याला मोजपट्टी लावून पाहिली —

नाव मात्र माझंच आहे. माझंच राहू दे.

धाकटीने पाहिलं. इकडे पळत येतेय. मी कडी लावली —

पातं फिरतंय. तिच्या खोलीत नाही. माझ्या खुर्चीमागे, भिंतीच्या आत —

धाकटे, दार ढकलू नकोस. चूक माझी होती, क्रमांक न बघता मीच