हूं म्हणजे बोलणं नव्हे

१२ जानेवारी १९५४
मिरकरवाड्यात भांडण! हारुनचाचाची होडी धाकूकाकाच्या जाळ्यावरून गेली. जाळं फाटलं. धाकूकाका म्हणतो, मुद्दाम. आता हिंदू एका विहिरीवर, मुसलमान दुसऱ्या. आम्ही ख्रिस्ती, एकच घर — आम्ही कुठं जायचं ते कोणी सांगितलं नाय.

१४ जानेवारी
धाकूकाकाने फाटकं जाळं दारात टांगलंय. सगळ्यांनी बघावं म्हणून. मीपण बघितलं. सूत कुठंच तुटलं नाय. गाठी सरकल्यात.
त्या गाठी माझ्या. शाळा सोडल्यापासून वाड्यातली जाळी मीच सांधते. हे सांधताना घाई केली.
कोणाला सांगितलं नाय. चार माणसांत मला तोंड उघडता येत नाय.

१७ जानेवारी, रविवार
आई दर रविवारी बंदरावर येशूच्या गोष्टी सांगते. ऐकणाऱ्याने हूं म्हटल्याशिवाय पुढं जात नाय. आज म्हणली, "एक हूं हारुनभाईंचा, एक धाकूभाऊंचा. नायतर गोष्ट बंद."
दोघं पाठीला पाठ लावून बसले. हूं म्हणजे बोलणं नव्हे, असं ठरवलं असावं.
गोष्ट दोन भावांची. धाकटा बापाचं सगळं उडवून परत येतो. बाप मेजवानी देतो. थोरला रुसून बाहेर. बाप त्याला विनवायला येतो. आई थांबली.
"मग? गेला का आत?" धाकूकाका.
"ते पुस्तकात नाय. देवाने आपल्यावर सोडलंय."
"मी नाय जाणार."
"मी तर नायच," हारुनचाचा म्हणला. "बापाचंच चुकलं."
तेवढ्यावर दोघांचं एकमत. आईचा चेहरा पडला.

१९ जानेवारी
आईला विचारलं, थोरल्याची चूकच नसेल तर?
"चूक कोणाची ते विचारायला बाप बाहेर आला नव्हता गो."


२४ जानेवारी, रविवार
लोकांनी तीच गोष्ट मागितली. गर्दी! थोरला बाहेर उभा राहिला, आई थांबली. हूं कोणाचा, यावर दोघं अडले. कोणीच देईना.
मी म्हटलं, "हूं." मग थांबता येईना. "जाळं मी सांधलेलं. गाठी कच्च्या होत्या. होडीचा दोष नाय."
मी घरी पळाले.

२५ जानेवारी
दोघं आले. जाळ्याचं एक टोक ह्याच्या खांद्यावर, एक त्याच्या. आता ओरडणार —
"सुई आण," हारुनचाचा म्हणला. "गाठ दाखवतो."
"ह्याचं ऐकू नको गो. ह्याला गाठ येते कुठं?"
"तुझ्या बापाला विचार, कोणी शिकवली!"
दुपारपर्यंत भांडत होते. एकमेकांशी.