परग्रहावरचा पाहुणा आणि बाबांचे दात

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा, कोपरापर्यंत प्लास्टरने माखलेल्या हातांनी, साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? (जन्मभर दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरी तीन जिने चढावे लागतात, हे वहिनीने फोनवर सांगितलं तेव्हा मी अजिबात हसलो नाही. आई हसली.) आईची तब्येत ठणठणीत आहे. तू दोन वर्षं घरी फिरकला नाहीस याबद्दल तिने चकार शब्द काढलेला नाही, आणि तो ती सकाळी, दुपारी आणि पानं घेताना नेमाने काढत नाही. बाबा गेल्यावर तू म्हणालास, कारखाना बंद कर आणि आईला माझ्याकडे पाठव. मी म्हणालो, जमणार नाही. मग तू भरल्या ताटावरून उठून उपाशीच गाडीत जाऊन बसलास. तो विषय मी या पत्रात काढणारच नाही. हे पत्र एका सिनेमाबद्दल आहे.

झालं असं, की गेल्या वर्षी आपल्या कवळ्या बनवायच्या खोलीत (गल्ली अजूनही तिला कारखानाच म्हणते) एक उंच बाई आल्या. एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा डोक्यावर, आणि तिसरा त्या शोधत होत्या. दात हवेत, म्हणाल्या. मी सवयीने वही उघडून पेशंटचं वय विचारलं. त्या म्हणाल्या, नऊशे. मी लिहूनही टाकलं! मग कळलं की बाई सिनेमा काढतात आणि पेशंट परग्रहावरचा आहे.

त्यांची गोष्ट ऐक. परग्रहावरचा एक प्राणी वाट चुकून छत्र्यांच्या कारखान्यामागे उतरतो. पोटात कावळे ओरडत असतात. तो छत्र्या खातो, दारांच्या मुठी खातो, महापौरांच्या गाडीचं एक चाक खातो (महापौर गाडीत असताना). शास्त्रज्ञ त्याला वजन करून करून काय काय भरवतात, पण पोट काही भरत नाही. शेवटी छत्र्यांना कापड शिवणारी एक बाई त्याला खुर्ची देते, ताट मांडते आणि समोर बसून स्वतःही जेवायला लागते. एका उकडलेल्या बटाट्यात तो तृप्त होतो. बस्स, एवढंच. हा पोरखेळ बघायला कोण कुत्रं येणार, असं मला तेव्हा वाटलं होतं. दादा, मी आज दोन्ही कान पकडतो. त्या बाईंच्या अकलेला माझा दंडवत आहे.

तर, मी जीव ओतून चव्वेचाळीस दात केले, सगळे टोकदार, तीन रांगांत. बाईंनी ते हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि म्हणाल्या, ‘अहो, हा तर माणसं खाईल. मला भुकेला हवाय, दुष्ट नकोय.’ दुसऱ्या दिवशी सकाळी शूटिंग. नवीन साचा करायला वेळ कुठला? तेव्हा माझी नजर वरच्या फळीवर गेली. तिथे बाबांचा तो साचा होता. त्यांनी शिकाऊ असताना स्वतःच्याच तोंडाचं माप घेऊन केलेला, खाली पेन्सिलीने ‘स्वतः’ असं लिहिलेला. मी त्याच्यावरून दात केले, निळसर रंगवले आणि रबरी मुखवट्याच्या जबड्यात बसवून दिले. (मुखवट्यात एक गलेलठ्ठ नट असतो. तो हनुवटी हलवतो, की जबडा हलतो.) घरी कुणाला काही बोललो नाही.

आणि सिनेमा लागला. मी आईला घेऊन दुपारच्या खेळाला गेलो. पाहुण्याने पहिल्यांदा तोंड उघडलं. उजवीकडचा तो दातावर चढलेला दात! त्यामुळे जबडा आधी डावीकडे सरकतो, मग मिटतो, आणि घास गालात जाऊन बसतो. हुबेहूब बाबा. रंग निळा, डोकं भोपळ्याएवढं, आणि खाणं बाबांचं. मी आईकडे बघायची हिंमत केली नाही. पडद्यावर तो घाईघाईने छत्री गिळत होता. तेवढ्यात आई मोठ्याने म्हणाली, ‘हळू खा, कुणी पळवून नेत नाहीये.’

अख्खं थिएटर हसलं. मी हसलो नाही, रडलो, हे लपवत नाही. आईने पदराने माझे डोळे पुसले आणि म्हणाली, ‘काम चांगलं केलंस रे.’ दादा, कारखाना चालवायला लागल्यापासून हे मला कुणी म्हटलं नव्हतं. आता ती आठवड्यातून दोनदा त्या सिनेमाला जाते, तिकीट फाडणारा तिची कोपऱ्यातली खुर्ची राखून ठेवतो. बटाट्याच्या प्रसंगाला ती पर्समधून डबा काढते आणि पाहुण्याबरोबर जेवते. गुरुवारी सिनेमा उतरणार आहे. पुढे ती जेवताना कुणाकडे बघणार, हे मला माहीत नाही.

वहिनीला नमस्कार. गुडघ्याला शेक दे.

तुझा,
धाकटा

ता. क. : एक छोटंसं काम होतं. सिनेमाचा दुसरा भाग निघतोय आणि त्या नटाने दाराची खरीच मूठ चावल्यामुळे पाहुण्याचे दात तुटलेत. बाबांचा साचा त्या घाईत, दात सोडवताना, माझ्या हातून फुटला. आता तसा जबडा जगात एकच उरलाय, आणि तो तुझ्या तोंडात आहे, चढलेल्या दातासकट. माप घ्यायला पाच मिनिटं लागतात. तोंडात लगदा असल्याने तुला तेवढा वेळ बोलता येणार नाही, आणि आईला तेवढाच वेळ पुरेल असं ती म्हणते.

ता. क. २ : आईने पत्र वाचलं. खोटं लिहून पोराला बोलावू नकोस, म्हणाली. तर दुसरा भाग वगैरे काही निघत नाहीये, बाई पुढचा सिनेमा मुंग्यांवर काढताहेत. दातही शाबूत आहेत. साचा मात्र खरंच फुटला, आणि ते सांगायला मला तुझ्याशिवाय कुणी नाही. जेवायच्या वेळेलाच ये. मी फार सावकाश जेवतो, ‘हळू खा’ म्हणायची सोयच नाही, अशी आईची तक्रार आहे.