सकाळी ठीक, दुपारी डावीकडे

जे. पी. नगर, बंगळूर
रविवार, १६ नोव्हेंबर १९९७

चि. मकरंद,

तुला पुष्कळ आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत. तू कसा आहेस ते विचारत नाही, विचारलं की तू ‘बरा’ एवढंच लिहितोस. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला रेघ दिसते, त्यामुळे बघ, अक्षरं कशी ओळीत बसलीत. आमच्या चौथीच्या बाई असत्या तर खूश झाल्या असत्या. पुढे शाळा नव्हती म्हणून, नाहीतर मी काय कमी होते?

आधी बातमी. काल नेमबाजीच्या क्लबाच्या स्पर्धेत आपली प्रांजली पहिली आली! छऱ्याच्या बंदुकीने, आणि तू पाठवलेल्या दुर्बिणीने. सतरा वर्षांची तुझी पुतणी, समोर मिशीवाले बाप्ये, आणि ही पहिली. मी श्यामलाच्या स्कूटरवर मागे बसून गेले होते. तुझी वहिनी स्कूटर चालवते अशी, की वाटेत मी तीन देवांची नावं घेतली. आता प्रांजली पुढच्या स्पर्धेला म्हैसूरला जाणार. मी सगळ्यांना पेढे दिले. खालच्या मजल्यावरच्या सत्यवतीअम्मांना दोन दिले, तर म्हणतात, “स्वल्प साकु.” थोडंच पुरे म्हणे! आणि तिसरा हातातून घेतला.

तर ती दुर्बीण. तू ती गणपतीत पाठवलीस तेव्हा चांगली लागली होती. दसऱ्यानंतर मात्र बिघडली. म्हणजे असं, की पाच छरे मारले तर पाचही भोकं एका ठिकाणी, एकमेकांना चिकटून. पण ते ठिकाण रोज नवं. सकाळी मधोमध, दुपारी खाली डावीकडे. पोरगी दुर्बिणीच्या चकत्या फिरवून नेम परत जुळवायची, की दुसऱ्या सकाळी उलट्या बाजूला. रडायचीच बाकी होती. स्पर्धा तोंडावर आलेली.

तेव्हा तुझा दादा तुला फोनवर जे बोलला ते मला माहीत आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.

क्लबात पूणच्चा म्हणून कोडगू भागातले एक गृहस्थ आहेत. पलटणीत बंदुका दुरुस्त करायचे, आता निवृत्त. मला अज्जी म्हणतात, स्वतः सत्तरीचे असून. मागच्या रविवारी प्रांजली त्यांच्याकडे बंदूक घेऊन गेली, मीही गेले. घरात बसवेना. का ते सांगते, थांब.

त्यांची पद्धत मला फार आवडली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी म्हटलं, “सगळं एकदम सोडून बघा की.” तर म्हणाले, “अज्जी, सांबार बिघडलं तर मीठ, चिंच, तिखट एकदम घालता का?”

आधी त्यांनी बंदूक वाळूच्या पिशवीवर ठेवली, म्हणजे पोरीचा हात हलतो का तो प्रश्न मिटला. मग एकाच डबीतले छरे घेतले. तरी डावीकडे. मग दुर्बीण काढून ठेवली आणि नळीच्या टोकाला असते त्या नुसत्या माशीवरून नेम धरला. भोकं जागच्या जागी, सकाळीही आणि उन्हातही. म्हणजे बंदूक निर्दोष. मग प्रांजलीने कड्यांतून काढून दिलेली तुझी दुर्बीण त्यांनी पुसून स्वतःच्या बंदुकीवर, स्वतःच्या कड्यांत बसवली. साठ छरे मारले. तसूभर हलली नाही. पूणच्चा म्हणाले, “दुर्बीण उत्तम आहे. देणाऱ्याने बघून घेतलीय.”

हे वाक्य तू दोनदा वाच. मी ते मनात पाठ करून घरी आणलं.

मग राहिलं काय? दुर्बीण आणि बंदूक यांच्या मधलं, म्हणजे आपल्या कड्या, ज्यांत दुर्बीण आवळतात. दुर्बीण परत त्यांत बसवून त्यांनी पेन्सिलीने एक रेघ ओढली, अर्धी कडीवर, अर्धी दुर्बिणीच्या नळीवर. वीस छरे मारले. रेघ तुटली होती, केसाएवढी. छऱ्याच्या बंदुकीची स्प्रिंग पुढेमागे हिसका देते म्हणे, त्या हिसक्याने नळी कडीत सरकत होती. त्यांनी कड्या उघडल्या. आत तेलकट, आणि फटीत पांढरं काहीतरी अजून थिजलेलं. बोटावर घेतलं, बोटावरच विरघळलं. त्यांनी हुंगलं आणि माझ्याकडे बघितलं. प्रांजलीनेही बघितलं.

खोबरेल तेल, मकरंद. बंगळूरची नोव्हेंबरातली सकाळ तुला आठवते ना? बाटली उन्हात ठेवल्याशिवाय डोक्याला तेल मिळत नाही. तसंच तिथे. सकाळी तेल थिजून दुर्बीण घट्ट, ऊन चढलं की पातळ होऊन सैल.

ते तेल मी लावलं होतं.

खंडेनवमीला मी सगळी हत्यारं पुजते, तुला ठाऊक आहे. विळी, कात्री, दादाची अवजारांची पेटी, आणि माझं शिवणयंत्र. यंत्राचा प्रत्येक स्क्रू मी काढते, तेल देते, परत बसवते. चाळीस वर्षं केलंय, यंत्र अजून कुरकुरत नाही. या वर्षी बंदूकही पाटावर ठेवली. नुसतं हळदकुंकू वाहून मन भरेना. म्हटलं नातीचं हत्यार आहे, नीट करू. बंदुकीच्या पिशवीत स्क्रू सोडायची वाकडी किल्ली होती. कड्या सोडल्या, आतून तेल लावलं आणि हाताला लागेल तेवढ्या परत आवळल्या.

पूणच्चा रागावले नाहीत. म्हणाले, “आमच्याकडेही बंदुकीची पूजा करतात, अज्जी. पण आम्ही फूल वाहतो.” मग त्यांनी स्पिरिटने कड्या पुसल्या, नळी पुसली, आणि स्क्रू थोडा हा, थोडा समोरचा, असे आवळले. नवी रेघ ओढली. ती कालपर्यंत तुटलेली नाही.

परत येताना रिक्षात प्रांजली म्हणाली, “आजी, बाबांना तू सांगतेस की मी सांगू?” मी म्हटलं, “मी सांगते. स्पर्धा होऊन जाऊ दे.” एक आठवडा ती रोज माझ्या तोंडाकडे बघायची. बाबांना मात्र तिने सांगितलं नाही.

आता खरं लिहिते. मला त्या रविवारीच कळलं असं नाही. दिवाळीआधी दादाने तुला फोन केला तेव्हा मी शेजारीच उभी होते. तो म्हणाला, “तुझी दुर्बीण तुझ्यासारखीच आहे. एका जागी टिकत नाही.” चांगली पक्की नोकरी सोडून तू पुण्याला गेलास, तो राग त्याने दुर्बिणीवरून काढला. तेव्हाच मला शंका आली होती, कारण कड्या मी सोडल्या होत्या आणि दसऱ्यानंतरच सगळं बिघडलं होतं. एक शब्द बोलले असते तर त्याने तुझी माफी मागितली असती आणि चार वर्षांनी तू दिवाळीला घरी आला असतास. मी बोलले नाही. ऑपरेशनपासून घरात सारखं “आई, राहू दे, तू हात लावू नकोस” चाललंय. वाटलं, हे कळलं तर यंत्रालाही हात लावू देणार नाहीत. एवढ्याशा भीतीपायी मी तुला दोषी राहू दिलं.

आज जेवताना सांगितलं. दादाचा घास हातातच राहिला. म्हणाला, “आई, मी त्याला काय बोललो ते तू ऐकलंस ना?” म्हटलं, “ऐकलं.” “आणि गप्प बसलीस?” “बसले.” तो पानावरून उठला. हात धुऊन त्याने तुला फोन लावला. तुझ्या घरमालकीणबाई म्हणाल्या, बोलावते. मग परत येऊन म्हणाल्या, ते घरात आहेत, पण येत नाहीत म्हणतात. तासाभराने त्याने परत लावला. तेच.

तो अजून फोनजवळ बसलाय. मी त्याला सांगितलं, मी लिहिते, माझं लिहायचं आहेच. त्याच्यावर रागाव, तो मोठा आहे, सोसेल. पण आधी माझ्यावर रागाव, तुझा पहिला राग माझा आहे. आणि रागावून झालं की एकदा त्याच्या फोनला ये.

तुझी दुर्बीण पहिल्या दिवसापासून चांगली होती, हे ठाऊक असून गप्प राहिलेली,
तुझी आई